सभा सर्वांची व्हावी, यासाठी तयारी मंचापासून करा

१८८० साली इटलीतील मिलान शहरात कर्णबधिर मुलांच्या शिक्षणाविषयी एक आंतरराष्ट्रीय परिषद भरली होती. तिथे जमलेल्या १६४ प्रतिनिधींमध्ये स्वतः कर्णबधिर असलेली व्यक्ती एकच होती. शाळांतून सांकेतिक भाषा काढून टाकावी आणि मुलांना केवळ बोलण्यातून व ओठ वाचण्यातून शिकवावे, असे ठराव या परिषदेने मोठ्या बहुमताने संमत केले. त्यानंतर कित्येक दशके अनेक देशांतील मुलांना वर्गात हातांनी बोलल्याबद्दल शिक्षा होत राहिली. त्याच परंपरेतील परिषद २०१० साली कॅनडातील व्हँकूव्हरला भरली, तेव्हा ते ठराव नाकारण्यात आले आणि त्यांच्या परिणामांबद्दल खेद व्यक्त करण्यात आला. मधल्या काळात १३० वर्षे उलटली होती.

सभेत कोण आहे आणि कोण नाही, यावरून निर्णय कसे घडतात आणि ते कोणाला भोगावे लागतात, हे यावरून कळते. नागरिकांची बैठक असो, संघटनेची सर्वसाधारण सभा असो, शाळेतील पालकसभा असो किंवा निवडणुकीपूर्वीचा जाहीर संवाद असो, अपंग व्यक्तींना त्यात सहभागी करून घ्यायचे म्हणजे नेमके काय करायचे, हे सांगण्यासाठी हा लेख आहे. माझ्या मते त्यासाठी एक साधी कसोटी पुरेशी आहे. सभागृहात आलेल्या अपंग व्यक्तीला, कोणाचे उपकार न घेता, मंचावर जाऊन, ध्वनिक्षेपकासमोर बसून तुमच्या म्हणण्याला विरोध करता येईल का? श्रोत्यांच्या खुर्च्यांपर्यंत उतार आहे आणि मंचाला मात्र पाच पायऱ्या आहेत, अशी सभागृहे पुष्कळ दिसतात. ती बांधणाऱ्याने अपंग माणूस ऐकणारा म्हणून कल्पिला होता, बोलणारा म्हणून नव्हे.

शब्दांविषयी थोडे. अपंग, दिव्यांग, विकलांग या शब्दांवर मराठीत बराच वाद झाला आहे आणि तो संपलेला नाही. मी या लेखात ‘अपंग व्यक्ती’ असे लिहिले आहे. तुमच्या सभेत मात्र समोरची व्यक्ती स्वतःसाठी जो शब्द वापरते तोच वापरावा. गौरवाचा शब्द वापरला म्हणजे पायऱ्यांचे काम झाले, असे कोणी समजू नये.

तारीख ठरवण्याआधी

संयुक्त राष्ट्रसंघाच्या महासभेने १३ डिसेंबर २००६ रोजी अपंग व्यक्तींच्या हक्कांचा करार स्वीकारला आणि ३ मे २००८ पासून तो अमलात आला. त्याचे २९वे कलम राजकीय आणि सार्वजनिक जीवनातील सहभागाविषयी आहे. मतदान करणे, निवडणुकीला उभे राहणे, पद भूषवणे, संघटना स्थापणे हे सारे इतरांच्या बरोबरीने करता आले पाहिजे, असे ते सांगते. चौथ्या कलमाने आणखी एक बंधन घातले आहे. अपंग व्यक्तींशी संबंधित निर्णय घेताना त्यांच्या प्रातिनिधिक संघटनांशी विचारविनिमय करणे आणि त्यांना प्रक्रियेत सामील करणे हे करार स्वीकारलेल्या राज्यांचे कर्तव्य आहे. ‘आमच्याविना आमच्याविषयी काहीही नको’ ही जगभरातील अपंग चळवळीची घोषणा त्यामागे आहे.

हे तत्त्व सभेच्या तयारीला लावायचे तर पहिले काम निमंत्रणपत्रिका छापण्याचे नाही. आयोजन समितीतच अपंग व्यक्ती असाव्यात, आणि त्या एकापेक्षा अधिक असाव्यात. व्हीलचेअर वापरणाऱ्या माणसाला कर्णबधिरांच्या अडचणी आपोआप कळत नाहीत, आणि अंध व्यक्तीकडून स्वमग्न व्यक्तीचे प्रतिनिधित्व होत नाही. त्यांना सल्लागार म्हणून शेवटच्या आठवड्यात बोलावून, ठरलेल्या जागेवर ‘काही सुचवायचे असेल तर सुचवा’ असे विचारणे ही केवळ औपचारिकता ठरते, कारण तोवर जागा, वेळ आणि खर्च यांचे निर्णय झालेले असतात. इतर तज्ज्ञांना मानधन देत असाल, तर यांनाही द्यावे.

अंदाजपत्रकात दुभाषे, कॅप्शन (बोललेले शब्द त्याच वेळी पडद्यावर लिहून दाखवणे), उतार आणि प्रवास यांचे स्वतंत्र शीर्षक पहिल्या मसुद्यातच असावे. ‘शिल्लक राहिले तर बघू’ या वाक्याचा अर्थ अनुभवी माणसांना ठाऊक असतो.

जागा पाहताना

सभागृहाच्या व्यवस्थापकाला फोन करून ‘तुमच्याकडे व्हीलचेअरची सोय आहे का’ असे विचारू नका. उत्तर नेहमी होकारार्थी येते आणि अनेकदा प्रामाणिकही असते, कारण त्याच्या लेखी ‘दोनच पायऱ्या’ म्हणजे पायऱ्या नव्हेत. त्याऐवजी व्हीलचेअर वापरणाऱ्या आणि पांढरी काठी वापरणाऱ्या सहकाऱ्यांसोबत संपूर्ण वाट स्वतः चालून पाहा. बस किंवा गाडी जिथे थांबते तिथून सुरुवात करा, आणि फाटक, प्रवेशद्वार, नोंदणीचे टेबल, बसण्याची जागा, स्वच्छतागृह, पाण्याची जागा करत मंचावरील ध्वनिक्षेपकापर्यंत जा. या साखळीतील एक कडी तुटली तरी बाकीच्यांचा उपयोग राहत नाही. मागच्या दाराने, सामान आणण्याच्या वाटेने प्रवेश देणे हा शेवटचा पर्याय समजावा. तो घ्यावाच लागला, तर तिथे दिवा, फलक आणि माणूस असला पाहिजे.

उताराचे गणित सोपे आहे आणि तरीही तिथेच सर्वाधिक चूक होते. अनेक देशांच्या मानकांमध्ये १ : १२ हे प्रमाण कमाल मानले आहे, म्हणजे एक सेंटीमीटर चढण्यासाठी बारा सेंटीमीटर लांबी. पंधरा सेंटीमीटरच्या एका पायरीसाठी १८० सेंटीमीटर लांब उतार लागतो. साठ सेंटीमीटर उंचीच्या मंचासाठी तो सात मीटरहून अधिक लांब होतो. म्हणूनच सभेच्या सकाळी मंचाला टेकवलेली लाकडी फळी ही सोय नसून अपघाताची तयारी असते. एवढी जागा नसेल तर खरा उपाय मंच न वापरणे हा आहे. अध्यक्षांसह सर्व वक्त्यांनी खाली, श्रोत्यांच्या पातळीवर बसावे. इतर सर्व वर आणि एकटी व्हीलचेअरवरील वक्ता खाली, अशी मांडणी मात्र कधीही करू नये. तिला खुर्चीसकट चौघांनी उचलून वर नेणे तर त्याहून वाईट आहे. त्यात पडण्याचा धोका आहेच, शिवाय स्वतःच्या देहावरचा तिचा ताबा सर्वांदेखत काढून घेतला जातो.

दाराची मोकळी रुंदी किमान ८० सेंटीमीटर असावी, ९० असल्यास उत्तम. स्वच्छतागृहात व्हीलचेअर वळण्यासाठी सुमारे दीड मीटर व्यासाची मोकळी जागा लागते, आणि ती झाडू, बादल्या व जुन्या खुर्च्या ठेवण्याची जागा नव्हे, हे व्यवस्थापकाला लेखी सांगावे लागते. लिफ्ट असेल तर सभेच्या दिवशी ती चालू असेल का, तिची चावी कोणाकडे आहे आणि तो माणूस त्या वेळी कुठे असेल, हे विचारून ठेवा. आग लागल्यावर लिफ्ट वापरायची नसते. तेव्हा वरच्या मजल्यावर सभा घेत असाल, तर जिना उतरू न शकणाऱ्यांना बाहेर कसे काढणार, हे आधी त्यांच्याशी बोलून ठरवले पाहिजे.

आसनव्यवस्थेतही न्याय-अन्याय असतो. व्हीलचेअरसाठी मोकळ्या जागा सभागृहात वेगवेगळ्या ठिकाणी सोडाव्यात आणि प्रत्येकीच्या शेजारी सोबत्यासाठी खुर्ची ठेवावी. सर्वांना एका कोपऱ्यात रांगेने बसवल्याने छायाचित्र चांगले येते, परंतु माणसे आपल्या मित्रांपासून आणि चर्चेपासून तुटतात.

निमंत्रणात काय लिहावे

काय उपलब्ध आहे आणि काय नाही, हे दोन्ही स्पष्ट लिहावे. ‘प्रवेशद्वाराला उतार आहे, मंचावर उतार नसल्याने सर्व वक्ते खाली बसतील, सांकेतिक भाषेचे दोन दुभाषे आहेत, श्रवणयंत्र वापरणाऱ्यांसाठी ध्वनीचे लूप नाही’ अशी चार वाक्ये ‘सभागृह अपंगस्नेही आहे’ या दाव्यापेक्षा शतपटीने उपयोगी आहेत, कारण ती वाचून माणूस घर सोडायचे की नाही ते ठरवू शकतो. त्यानंतर ‘सहभागी होण्यासाठी आपल्याला काय लागेल?’ असा मोकळा प्रश्न विचारावा, उत्तराची मुदत द्यावी, आणि उत्तर देण्यासाठी फोन व लेखी संदेश असे दोन्ही मार्ग ठेवावेत. आजाराचे नाव विचारू नये आणि प्रमाणपत्रही मागू नये. काय लागेल हे कळण्यासाठी निदान कळण्याची गरज नसते.

निमंत्रण चित्राच्या स्वरूपात फिरवण्याची सवय आता सार्वत्रिक झाली आहे. सुंदर सजवलेल्या त्या चित्रातील एक अक्षरही अंध व्यक्तीच्या स्क्रीन रीडरला, म्हणजे पडद्यावरील मजकूर मोठ्याने वाचून दाखवणाऱ्या प्रणालीला, खात्रीने वाचता येत नाही. चित्र पाठवायचे असेल तर खाली तोच मजकूर टंकलिखित स्वरूपात द्या. सभेची कागदपत्रेही स्कॅन केलेल्या पानांऐवजी मूळ मजकुराच्या फाइलमध्ये आधीच पाठवा. अक्षरे आणि पार्श्वभूमी यांच्या तेजस्वितेत पुरेसा फरक हवा. वेबसाठीच्या सुगम्यता मानकांत नेहमीच्या आकाराच्या अक्षरांसाठी हा फरक किमान ४.५ : १ सांगितला आहे, त्यामुळे फिक्या करड्या अक्षरांचा मोह टाळावा. ब्रेल प्रती काढण्याआधी कोणाला हव्या आहेत ते विचारा, कारण सर्वच अंध व्यक्ती ब्रेल वाचत नाहीत आणि अनेकांना ध्वनी किंवा मोठी अक्षरे सोयीची वाटतात. बौद्धिक अक्षमता असलेल्या व्यक्तींसाठी ठरावांची सोपी आवृत्ती तयार करावी, ज्यात छोटी वाक्ये आणि एका वाक्यात एकच गोष्ट असेल. ही आवृत्ती प्रत्यक्षात सर्वांनाच आवडते, आणि मूळ मसुदा किती गुंतागुंतीचा होता हे ती लिहिताना लिहिणाऱ्यालाच उमगते.

ऐकणे, पाहणे, समजणे

सांकेतिक भाषा जगभर एकच नाही. ब्रिटन आणि अमेरिका या दोन इंग्रजीभाषक देशांच्या सांकेतिक भाषा एकमेकींहून इतक्या वेगळ्या आहेत की एकीचा जाणकार दुसरी समजू शकत नाही. अमेरिकेतील भाषेचे नाते फ्रेंच सांकेतिक भाषेशी अधिक जवळचे आहे. म्हणून येणाऱ्या व्यक्ती कोणती भाषा वापरतात हे विचारूनच दुभाषा ठरवावा. दीर्घ सभेसाठी किमान दोन दुभाषे लागतात आणि ते साधारण वीस ते तीस मिनिटांनी आलटून पालटून काम करतात. एकाच दुभाष्याला तीन तास उभे करणे त्याच्यावर अन्याय आहेच, पण थकलेल्या मनाने केलेल्या दुभाषेगिरीत चुका वाढतात आणि त्या चुका कर्णबधिर व्यक्तीच्या तोंडी जातात. दुभाषा वक्त्याजवळ, प्रकाशात उभा राहील असे पाहा. चित्रफीत दाखवताना सर्व दिवे मालवले की त्याचे हात दिसत नाहीत, ही गोष्ट हमखास विसरली जाते. घरच्या माणसाला किंवा सोबत आलेल्या मुलाला दुभाषा करू नये. त्याला आपले स्वतःचे मत मांडायचे असू शकते, आणि कर्णबधिर व्यक्तीलाही घरच्यांसमोर न बोलण्याजोगे काही म्हणायचे असू शकते.

ऐकू न येणारे सगळेच सांकेतिक भाषा जाणतात असेही नाही. उतारवयात श्रवणशक्ती गेलेल्यांना वाचता येणारी कॅप्शन हवी असते. ती माणूस टंकित करत असो वा यंत्र, सभेत येणारी नावे आणि पारिभाषिक शब्द आधीच देऊन ठेवावेत. श्रवणयंत्र वापरणाऱ्यांसाठी इंडक्शन लूप फार उपयुक्त ठरते, कारण त्यातून ध्वनिक्षेपकाचा आवाज चुंबकीय क्षेत्राद्वारे थेट श्रवणयंत्रात पोहोचतो आणि सभागृहाचा गोंगाट मधे येत नाही. मात्र श्रवणयंत्रात ते टिपणारे वेटोळे असावे लागते. ही सारी साधने ध्वनिक्षेपकावर अवलंबून आहेत. म्हणून ‘माझा आवाज मोठा आहे, मला माइक नको’ असे म्हणणाऱ्या वक्त्याच्या हाती तो नम्रपणे, पण निश्चयाने द्यावा.

काहींना लखलखते दिवे, टाळ्यांचा कडकडाट किंवा गर्दी सहन होत नाही. सभागृहाजवळ एक शांत खोली, कार्यक्रमपत्रिकेत छापलेल्या आणि खरोखर पाळलेल्या विश्रांतीच्या वेळा, आणि मधेच उठून जाण्याची मोकळीक, एवढ्यावर बरेच साधते.

सभा चालवणाऱ्यासाठी

अध्यक्षाचे काम इथे सर्वांत कठीण आहे. प्रत्येक वक्त्याने आधी आपले नाव सांगावे, एका वेळी एकानेच बोलावे, आणि पडद्यावर दाखवलेले चित्र किंवा तक्ता शब्दांत सांगावा, हे नियम सुरुवातीलाच जाहीर करावेत व मोडल्यास थांबवावे. ‘इथे पाहा, हा आकडा तिथे गेला’ या वाक्यातून अंध श्रोत्याच्या हाती काहीच लागत नाही. प्रश्न विचारताना सोबतच्या मदतनिसाकडे किंवा दुभाष्याकडे न पाहता त्या व्यक्तीकडे पाहावे. ‘यांना काही बोलायचे आहे का?’ हा प्रश्न सोबत्याला विचारणे म्हणजे समोर बसलेल्या नागरिकाला वस्तू ठरवणे होय.

वेळेच्या नियमाकडे विशेष लक्ष द्यावे लागते. प्रत्येकाला तीन मिनिटे, हा नियम समान दिसतो. परंतु ज्याचे बोलणे अडखळते, जो अक्षरफलकावर एकेक अक्षर दाखवून बोलतो, किंवा ज्याचे म्हणणे दुभाष्यामार्फत येते, त्याला तीन मिनिटांत इतरांच्या एका मिनिटाइतकेही बोलता येत नाही. अशा वेळी अधिक वेळ देणे ही सवलत नाही. संयुक्त राष्ट्रसंघाच्या कराराने ‘वाजवी सोय’ नाकारणे हाही भेदभावाचाच प्रकार मानला आहे, आणि वाजवी सोय म्हणजे एका विशिष्ट व्यक्तीसाठी, एका विशिष्ट प्रसंगी केलेला असा आवश्यक बदल, ज्याचा अवाजवी बोजा इतरांवर पडत नाही. दोन मिनिटे जास्त देण्याचा बोजा कोणत्याही सभेला पेलतो. त्या व्यक्तीचे वाक्य घाईने आपणच पूर्ण करणे मात्र टाळावे. समजले नाही तर समजल्यासारखी मान डोलावण्यापेक्षा ‘पुन्हा सांगाल का’ असे विचारणे अधिक आदराचे आहे.

मतदानाची पद्धतही तपासा. हात वर करून केलेले मतदान काहींना करता येत नाही आणि अंध व्यक्तींना दिसत नाही. आवाजी मतदान कर्णबधिरांना कळत नाही. उभे राहून पाठिंबा देण्याची पद्धत तर उघडच वगळणारी आहे. मत देण्याचे एकाहून अधिक मार्ग ठेवावेत, बाजूने किती आणि विरोधात किती हे आकडे मोठ्याने सांगावेत व लिहूनही दाखवावेत. गुप्त मतदान असेल तर मतपत्रिका वाचून देणारी व्यक्ती मतदाराने स्वतः निवडलेली असावी.

जे सभेपर्यंत पोहोचतच नाहीत

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात सुमारे १३० कोटी, म्हणजे दर सहा माणसांमागे एक, लक्षणीय अपंगत्वासह जगतात. तुमच्या सभेत त्या प्रमाणात माणसे दिसत नसतील, तर त्याचे कारण दाराच्या बरेच अलीकडे असते. प्रवासाला पैसे नसतात, मदतनीस नसतो, घरातून स्त्रीला एकटे सोडत नाहीत, किंवा दिवसाची मजुरी बुडते. म्हणून जे येतात त्यांत अनेकदा शिकलेले, शहरातले, घरची मदत असलेले पुरुष अधिक असतात, आणि मग त्यांचेच म्हणणे ‘अपंगांचे म्हणणे’ म्हणून नोंदवले जाते. प्रवासखर्च आगाऊ द्या, मदतनिसाला निःशुल्क प्रवेश व जेवण द्या, घरून दूरस्थ पद्धतीने बोलण्याची आणि मत देण्याची सोय ठेवा, आणि निमंत्रण अपंग स्त्रियांच्या गटांपर्यंत मुद्दाम पोहोचवा.

अशी मदत असेल तरच सहभाग टिकतो, याचा एक ठळक दाखला १९७७ सालच्या एप्रिलमध्ये अमेरिकेतील सॅन फ्रान्सिस्कोत दिसला. सरकारी निधीवर चालणाऱ्या कार्यक्रमांत अपंगांशी भेदभाव करण्यास मनाई करणाऱ्या कायद्याच्या ५०४व्या कलमाचे नियम चार वर्षे अडवून ठेवले होते. ते निघावेत म्हणून शंभराहून अधिक अपंग कार्यकर्ते आणि त्यांचे साथी एका सरकारी इमारतीत ठाण मांडून तीन आठवड्यांहून अधिक काळ राहिले. त्यांच्या नेत्यांमध्ये ज्युडी ह्यूमन होत्या. फोन तोडले गेले तेव्हा कर्णबधिर आंदोलकांनी खिडकीतून बाहेरच्या साथीदारांशी सांकेतिक भाषेत संपर्क ठेवला, आणि आत गरम जेवण पोहोचवले ते वंशभेदाविरुद्ध लढणाऱ्या ब्लॅक पँथर पक्षाने. २८ एप्रिल रोजी नियमांवर सही झाली. जेवण, औषधे आणि एकमेकांची शुश्रूषा यांची व्यवस्था झाली नसती, तर तो लढा आठवडाभरही टिकला नसता. सहभागाची ही बाजू आयोजक सहसा ‘किरकोळ’ या शीर्षकाखाली टाकतात.

तुम्ही स्वतः अपंग असाल आणि एखाद्या सभेला जायचे असेल, तर मागणी लवकर, लेखी आणि नेमकी करा. ‘मला अडचण आहे’ यापेक्षा ‘मंचावर बोलण्यासाठी मला उतार किंवा खालून बोलण्याची व्यवस्था हवी आहे, कृपया अमुक तारखेपर्यंत कळवावे’ हे वाक्य टाळणे अवघड असते. नकार आला तर त्याचे कारण लेखी मागा. आभार मानण्याची सक्ती नाही.

बिघडले तर, आणि नंतर

काहीतरी बिघडतेच. लिफ्ट बंद पडते, दुभाषा येत नाही, कॅप्शनचे यंत्र अडते. अशा वेळी ‘आजच्या दिवस सांभाळून घ्या’ असे त्याच एका व्यक्तीला सांगून सभा पुढे नेऊ नये. सभा थांबवावी, झालेली चूक सर्वांसमोर सांगावी, आणि ज्यांची अडचण झाली त्यांनाच विचारून मार्ग काढावा. सगळ्यांनी तळमजल्यावर यावे, विषयांचा क्रम बदलावा, किंवा निर्णय पुढच्या सभेवर ढकलावा. दुभाषा नसताना ठराव मंजूर करणे म्हणजे मिलानचीच छोटी आवृत्ती होय.

सभेनंतर इतिवृत्त सर्वांना एकाच दिवशी, त्यांनी मागितलेल्या स्वरूपात मिळाले पाहिजे. सुगम प्रत महिन्याने आली तर हरकत घेण्याची मुदत तोवर संपलेली असते. प्रतिसाद मागताना ‘सोयी कशा वाटल्या’ असे न विचारता ‘कोणत्या क्षणी तुम्हाला चर्चेत भाग घेता आला नाही’ असे विचारा आणि उत्तरे इतिवृत्तासोबत जोडा. किती अपंग व्यक्ती आल्या याच्या नोंदीशेजारी दुसरी नोंदही ठेवा: किती जणी आणि किती जण बोलले, त्यांच्या किती सूचना ठरावात आल्या, आणि मंचावर किती वेळ कोण बसले होते. पुढच्या सभेची जागा निश्चित करण्याच्या बैठकीत हा कागद सर्वांत वर ठेवावा.